मोपासाँच्या दोन कथांविषयी खुलासा

‘द नेकलेस’चा शेवट वाचकांना फार जिव्हारी लागल्याने फ्रेंच कथाकार मोपासाँने तिचा पुढचा भाग म्हणून ‘द ज्वेल्स’ लिहिली, असा मजकूर ठाण्यातील वाचकगटांत फिरत असून नौपाड्यातील आमच्या वाचनकट्ट्यावरही तो वाचून दाखवण्यात आला. हे चुकीचे आहे. ‘द ज्वेल्स’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘द नेकलेस’ त्यानंतर, १८८४ मध्ये; शिवाय दोन्हींतील पात्रे वेगळी आहेत.

घोटाळा होण्याजोगे साम्य मात्र आहे. दोन्हींकडे सरकारी खात्यातला कारकून, त्याची देखणी बायको आणि एक हार. पण ‘द नेकलेस’मधील कारकुनाची बायको मातिल्द हिने उसना आणून हरवलेला, खरा समजून छत्तीस हजार फ्रँकना भरून दिलेला हार खोटा, फार तर पाचशे फ्रँकचा निघतो. उलट ‘द ज्वेल्स’मधला कारकून लांतँ दिवंगत पत्नीचा ‘खोटा’ हार सहा-आठ फ्रँक मिळतील या आशेने सराफाकडे नेतो, तेव्हा सराफ भिंगातून न्याहाळून त्याची किंमत बारा ते पंधरा हजार सांगतो. हा दागिना तिला कोणी दिला असावा, हा प्रश्न लांतँला तिथून पुढे छळतो. मातिल्दच्या वाट्याला दहा वर्षांचे कष्ट येतात, लांतँच्या वाट्याला लाजिरवाणी श्रीमंती. आमच्या मते ‘द ज्वेल्स’ अधिक बोचरी आहे.