मशरूम घ्या आणि गोळ्या सोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: मॅजिक मशरूममधल्या सिलोसायबिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचा एकच डोस घेतला की डिप्रेशन कायमचं जातं. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने 2018 सालीच त्याला मंजुरी दिली, पण औषध कंपन्यांनी ती बातमी दाबली. मशरूम नैसर्गिक असल्यामुळे ते भारतात कायदेशीर आहे, खुद्द केरळ उच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. वेदांमधला सोम तो हाच. ते शेणावर उगवतं, स्वतः शोधा. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: ‘रासायनिक गोळ्या आजच बंद करा.’

माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, “ताई, हे खरं असेल तर मी लिथियम कशाला घेतोय?”

त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार, आणि लिथियम हे त्यावरचं औषध. लिथियममुळे त्याचा हात थरथरतो, चहाचा भरलेला कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो. सारखी तहान लागते. ठरावीक काळाने रक्त देऊन लिथियमची पातळी तपासून घ्यावी लागते. गोळ्यांना तो कंटाळलाय आणि त्यात त्याची काही चूक नाही. अशा मुलाला ‘आजच बंद करा’ म्हणून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आलाय, त्यामुळे शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करते.

लिथियम एकाएकी थांबवलं की मॅनिया, म्हणजे तो अति उत्साहाचा झटका, उसळून येण्याचा धोका असतो आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. मानसोपचारात ही गोष्ट कित्येक वर्षांपासून माहीत आहे. गोळी कमी करायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. बरं, गोळी चालू ठेवून वर मशरूम घेतलं तर? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांनी इंटरनेटवर स्वतःहून लिहून ठेवलेले अनुभव त्यांनी गोळा केले. लिथियम चालू असताना एलएसडी (असंच भ्रम निर्माण करणारं द्रव्य) किंवा मशरूमसारखं काही घेतल्याचे 62 अनुभव सापडले. त्यातल्या 47 टक्क्यांत फिट आली होती आणि 39 टक्क्यांत वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. बायपोलरसाठीच दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिनच्या बाबतीत मात्र फिट आल्याचा एकही अनुभव नव्हता. असे अनुभव म्हणजे नियंत्रित चाचणी नव्हे. ज्यांना काहीच झालं नाही ते लिहायला बसत नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण कमी असू शकतं. तरीही जवळजवळ निम्म्या नोंदींत फिटचा उल्लेख दिसत असताना लिथियमवर असलेल्या माणसाला मशरूम सुचवायचं? मेसेज लिहिणाऱ्याला लिथियम हा शब्दही माहीत नसावा. ‘रासायनिक गोळ्या बंद करा’ म्हणून त्याने मोकळं व्हायचं, आणि फिट आली तर धावायचं घरच्यांनी.

आता ‘एका डोसात कायमचं’. सिलोसायबिनची एक मोठी चाचणी नोव्हेंबर 2022 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. दहा देशांतले 233 रुग्ण, सगळे इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनचे. 25 मिलिग्रॅमचा एक डोस दिल्यावर तीन आठवड्यांनी 37 टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. फक्त 1 मिलिग्रॅम मिळालेल्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकली ती 20 टक्क्यांत. वर्षानुवर्षं अंधारात असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही, या संशोधनाकडे मीही आशेने बघते. पण पाचांतल्या एकाला ‘कायमचं’ म्हणत नाहीत. शिवाय डोस दिला तो प्रशिक्षित थेरपिस्ट दिवसभर शेजारी बसलेला असताना, आधी आणि नंतर बोलण्याची सत्रं घेऊन. आणि बायपोलर किंवा सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याचा) इतिहास असलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. म्हणजे माझ्या भावासारख्यांसाठी हे आकडे नाहीतच.

एफडीएने 2018 मध्ये दिला तो ‘ब्रेकथ्रू थेरपी’ हा दर्जा. त्याने तपासणीचं काम वेगाने व्हायला मदत होते, औषध विकायची परवानगी मिळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तर याच एफडीएने एमडीएमए या दुसऱ्या नशेच्या द्रव्याच्या थेरपीचा अर्ज नाकारला. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून सिलोसायबिनच्या उपचाराला परवानगी दिली आहे, पण तीही फक्त अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना. यातलं काहीच कुणी दाबलेलं नाही, सगळं जाहीर आहे.

केरळच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागेल. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की मशरूम ही नैसर्गिक बुरशी आहे, ते ‘मिश्रण’ नव्हे, म्हणून त्याचं सगळं वजन अमली पदार्थाचं वजन धरता येणार नाही. पण हा जामिनाचा आदेश होता. आरोपी तोवर कोठडीत होता आणि खटला संपलेला नव्हता. सिलोसायबिन 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, होतं आणि या आदेशानंतरही राहिलं. मशरूममध्ये ते सापडलं की गुन्हा उभा राहतो. वाद फक्त वजनावरून किती मोठा गुन्हा ठरतो, एवढाच.

हा मेसेज वाचणारी पोरं मशरूमवर थांबतीलच असंही नाही. एलएसडीसाठी व्यावसायिक प्रमाणाची, म्हणजे सगळ्यात कडक शिक्षा सुरू होण्याची, मर्यादा आहे 0.1 ग्रॅम. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की ज्या कागदावर ते शोषलेलं असतं त्या कागदाचं वजनही मोजायचं. कागदाचे मोजके तुकडे सापडले तरी किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामीन जवळजवळ अशक्य. मला हा कायदा क्रूर वाटतो. स्वतःपुरतं घेणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचार मिळावेत आणि आपल्याकडच्या डॉक्टरांना या द्रव्यांवर संशोधन करणं सोपं व्हावं, असं मी उघडपणे म्हणते. पण कायदा बदलायला हवा म्हणजे तो बदललाय असं नाही, आणि तसं सांगून वीस-बावीस वर्षांच्या मुलांना मशरूमच्या शोधात गोव्याला किंवा कोडाईकनालला पाठवणारे लोक सुधारणेचे मित्र नाहीत.

‘शेणावर उगवतं, स्वतः शोधा’ हा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. छोट्या तपकिरी अळंब्या एकमेकींसारख्या दिसतात, आणि त्यातल्या काहींत यकृत निकामी करणारं विष असतं. उलट्या सुरू होतात त्याच मुळी सहा-बारा तासांनी, मग मध्ये बरं वाटतं, आणि तोवर यकृताचं नुकसान चालूच असतं.

सोमाबद्दल एवढंच: सोम म्हणजे मशरूम ही गॉर्डन वॉसन या अमेरिकन मशरूम-अभ्यासकाची 1968 ची कल्पना. तिच्यावर अजून वाद आहे, आणि त्याने सांगितलेल्या लाल टोपीच्या मशरूममध्ये सिलोसायबिन नसतंच.

भावाने गोळी बंद केलेली नाही. हाताच्या थरथरीबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलायचं ठरलंय. डोस कमी करता येतो, थरथरीवर दुसरं औषध देता येतं, लिथियमला पर्यायही आहेत. ज्यांच्या घरी विचारायला कुणी नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर निदान एवढं तरी लिहावं: लिथियम घेत असाल तर मशरूमला हात लावू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लिथियम सोडू नका.