नेमबाजीच करायची होती, तर हीच रायफल कशाला?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राधानगरी तालुका, रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी आणि कोल्हापूरची माती यांच्या कौतुकाला भरते आले. त्या भरात मीही एक वाक्य टाकले, की इथे ओहायोत माझ्याकडे असलेल्या एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलसाठी मी सध्या .२२ चे कन्व्हर्शन किट, म्हणजे तिच्यातून छोटी, स्वस्त काडतुसे झाडू देणारा जोडभाग, निवडतो आहे. कौतुकाचा सूर तिथेच तुटला. मावशीने विचारले, की घरात वाढत्या वयाची मुलगी असताना असल्या वस्तू कशाला. एका चुलतभावाने अमेरिकेतल्या गोळीबारांच्या बातम्या ओळीने पाठवल्या. आणि बालेवाडीच्या रेंजवर स्वतः सराव करणाऱ्या माझ्या भाच्याने या सगळ्यांवर कडी केली: "मामा, नेमबाजीच करायची होती, तर हीच रायफल कशाला घेतलीस?"

बाकीच्यांचे मी मनावर घेत नाही. ज्यांनी बंदूक पोलिसाच्या खांद्यावर किंवा पडद्यावरच पाहिली आहे, त्यांना सगळ्या बंदुका सारख्याच वाटणार. भाच्याला मात्र फरक कळतो, आणि म्हणूनच त्याचा प्रश्न लागला. भारतात हल्ली ही विभागणी फार सोयीची झाली आहे: पदक मिळाले की ती साधना, आणि तीच गोष्ट ओहायोतल्या एखाद्या मराठी माणसाने शनिवारी सकाळी केली की ती अमेरिकेची विकृती.

वस्तुस्थिती अशी, की कुसाळेच्या रायफलमध्ये, २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकाराची) जगज्जेती ठरलेल्या तेजस्विनी सावंतच्या रायफलमध्ये, राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तुलात आणि मी आणू पाहत असलेल्या किटमध्ये जाणारे काडतूस एकच आहे: .२२ लाँग रायफल. ते १८८७ पासून प्रचारात आहे. त्यातले पेट घेणारे द्रव्य मोठ्या काडतुसासारखे बुडाच्या मधोमध टोपीत नसते, तर बुडाच्या पितळी कडेच्या आत फिरवून भरलेले असते. घोड्याची पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जास्त, आणि वेग सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास. माझ्या रायफलचे मूळ काडतूस .२२३ चे. त्याची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला बत्तीसशे फुटांनी निघते, आणि दोघांच्या ऊर्जेत जवळजवळ दहापटींचा फरक आहे. म्हणजे किट बसवल्यावर माझी रायफल आपल्या मूळ ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर येते. मावशीला हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. तिचे उत्तर असे, की दहावा हिस्सा तरी कशाला.

किटची कल्पना साधी आहे. या दोन्ही गोळ्यांचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागाने काय तो वेगळा, त्यामुळे नळी तीच चालते. रायफलची मागची पिन बाहेर ओढायची, वरचा भाग बिजागरीसारखा उघडायचा, आतला बोल्ट कॅरियर, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, काढून बाजूला ठेवायचा आणि त्याच जागी किट सरकवायचे. अवजार लागत नाही आणि काम मिनिटात होते. किटच्या पुढच्या टोकाला .२२३ च्या काडतुसाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो, तो चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, जाऊन बसतो आणि छोट्या काडतुसाला तिथे घर करून देतो. मागच्या बोल्टला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचे रूळ असतात. मूळ रायफल नळीतून वळवलेल्या वायूवर चालते. किट केवळ काडतुसाच्या उलट्या धक्क्यावर चालते. अमेरिकी लष्कराने एम-१६ साठी एम२६१ नावाचे असेच किट सरावासाठी वापरले, त्यामुळे ही काही गॅरेजमधली करामत नव्हे.

निवडताना बघायचे ते इथून पुढे. धक्क्यावर चालणारा बोल्ट मागे ढकलायला काडतुसात पुरेसा जोर लागतो. भाचा ज्या मंद, आवाजाच्या वेगाखालच्या, स्पर्धेच्या दर्जाच्या गोळ्या वापरतो, त्या बहुतेक किटांना पुरत नाहीत आणि बोल्ट अर्ध्यावरच अडकतो. त्यामुळे वेगवान, तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या घ्याव्या लागतात. उघड्या शिशाच्या, मेण लावलेल्या गोळ्या वायूच्या छिद्राशी आणि पुढे गॅस ट्यूबमध्ये काजळी व शिसे साठवतात. म्हणून सराव संपताना किट काढून .२२३ च्या थोड्या गोळ्या झाडण्याची पद्धत आहे, म्हणजे ती वाट साफ होते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, हा दुसरा भाग, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. काडतुसाची कड एकमेकांत अडकू न देता वर आणणे हे अवघड काम आहे, आणि स्वस्त मॅगझिनमध्ये ते बिघडते. बोल्ट आणि चेंबरचा तुकडा स्टेनलेसचा असावा, कारण .२२ ची घाण ओलसर आणि चिवट असते. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडून राहतो की नाही, हेही विचारून घ्यावे. बऱ्याच किटांत तो राहत नाही, आणि मग आपण रिकाम्या चेंबरवर चाप ओढतो. रिमफायरमध्ये, म्हणजे अशा कडेवर पेटणाऱ्या काडतुसांच्या बंदुकीत, ते वाईट, कारण पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पाडू शकते.

आता पैशाचे. .२२ ची एक गोळी मला साधारण आठ सेंटला पडते, .२२३ ची पन्नासच्या आसपास. एका सकाळी दोनशे गोळ्या झाडल्या तर एकीकडे सोळा डॉलर आणि दुसरीकडे शंभर. किट दोनशे-अडीचशे डॉलरचे, म्हणजे तीन शनिवारांत त्याची किंमत वसूल होते. हे गणित मी भाच्याला मोठ्या अभिमानाने पाठवले. तो तिकडे परदेशी काडतुसे एकेक मोजून वापरतो, आणि बरीच वर्षे त्याने एअर रायफलवर काढली ती याच कारणाने. त्याने फक्त अंगठ्याचा इमोजी पाठवला. मला वाटते, त्याला हेवा वाटला असावा. निदान मी तसे धरून चालतो.

भारतातल्या चर्चेत एक गोष्ट मला फार खटकते. तिकडे परवान्यासाठी माणसाला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, आणि त्याच कायद्यात लग्नात हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची वेगळी तरतूद करावी लागली. ज्या देशात वरातीतल्या गोळीने पाहुणा मरतो आणि ते थांबवायला संसदेला कलम लिहावे लागते, त्या देशाने मला बंदुकीच्या संस्कृतीवर शिकवू नये. आमच्या क्लबात कोल्ड रेंज (गोळीबार थांबवून सगळ्यांनी बंदुका खाली ठेवायची वेळ) जाहीर झाल्यावर कुणी रायफलला बोट जरी लावले, तरी आरएसओ, म्हणजे रेंजचा सुरक्षा अधिकारी, त्याला त्या दिवसापुरता घरी पाठवतो, मग तो शेरीफचा मेहुणा का असेना. घरात रायफल सेफमध्ये, बोल्ट आणि काडतुसे वेगळ्या कपाटात, किल्ली फक्त माझ्याकडे. भाचा म्हणतो, वराती उत्तरेतल्या, महाराष्ट्राचे नाव कशाला घेतोस. मग अमेरिकेच्या बातम्या पाठवताना ओहायो आणि टेक्सास वेगळे आहेत, हे मात्र कुणाला आठवत नाही.

येथवर माझी बाजू मला भक्कम वाटते. पण प्रश्न किटचा आहे, आणि किटपाशीच ती थोडी ढिली पडते. .२२ च्या संथ, हलक्या गोळीला स्थिर फिरवण्यासाठी नळीच्या आतल्या खाचांचा पीळ साधारण १६ इंचांत एक फेरा असा असतो. एआर-१५ च्या नळ्यांना तो ७ ते ९ इंचांत एक असतो, कारण त्यांना लांब आणि वेगवान गोळी फिरवायची असते. शिवाय किटमध्ये गोळीला चेंबरच्या तुकड्यातून निघून खाचांपर्यंत मोकळी उडी घ्यावी लागते. परिणाम असा, की मित्राच्या किटवर ५० यार्डांवर मला दोन-अडीच इंचांच्या आत गट, म्हणजे निशाणावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, आणता आला नाही. भाचा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर ज्या दहाच्या वर्तुळाकडे बघत श्वास रोखून उभा असतो, त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. काडतूस एक असले तरी खेळ एक नाही, हे सांगायला त्याला एवढा आकडा पुरला असता. तो त्याने सांगितला नाही, हा त्याचा मोठेपणा.

यावर उपाय आहेत. १६ इंची पिळाच्या नळीचा, फक्त .२२ साठी बनवलेला वेगळा अपर, म्हणजे नळीसकट रायफलचा वरचा भाग, मिळतो; त्याची किंमत किटच्या जवळजवळ दुप्पट, पण नेम बराच सुधारतो आणि गॅस ट्यूबची कटकट नाही. त्याहून सरळ रस्ता म्हणजे रुगर १०/२२ ही .२२ चीच रायफल विकत घेणे. ती १९६४ पासून आहे, तीनशे डॉलरच्या आसपास मिळते, आणि या देशातली निम्मी मुले तिच्यावरच शिकली असावीत. भाच्याचा प्रश्न शेवटी हाच होता: .२२ च झाडायची आहे, तर .२२ ची रायफल का नाही? माझे छापील उत्तर असे, की चाप तोच, नेम धरायची साधने तीच, खांद्याला टेकणारा दस्ता तोच, त्यामुळे स्वस्तात होणारा सराव थेट मुख्य रायफलच्या कामी येतो. हे उत्तर खरे आहे. फक्त त्यात मुख्य रायफल मुळात का घेतली, ते येत नाही.

ते असे. एच-१बी वर असताना मला बंदूक बाळगता येत नव्हती. कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, ती मुभाच नाही. ऑफिसातले लोक शुक्रवारी हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या, कॅम्प पेरीतल्या नेमबाजीच्या सामन्यांच्या गप्पा मारत आणि मी कॉफी घेऊन उभा राहून हसत असे. ग्रीन कार्ड आले त्यानंतरच्या वसंतात मी बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरला, नागरिकत्वाच्या रकान्यात भारत लिहिले, परकीय रहिवासी म्हणून माझा क्रमांक टाकला, आणि काउंटरमागच्या माणसाने पार्श्वभूमीची तपासणी होईपर्यंत माझ्याशी बेसबॉलवर गप्पा मारल्या. त्या दिवशी दुकानात रुगरही होती. मी एआर उचलली, कारण शेजारच्या माणसाकडे एआर होती, त्याच्या मुलाकडे होती, आणि क्लबात नवख्याला जागा करून देताना तिच्यावरूनच बोलणे सुरू होते. बोल्टला तेल किती, कोणती दुर्बीण, कोणते किट: हे प्रश्न विचारणारा माणूस तिथे कुणालाही परका वाटत नाही. माझे आडनाव त्यांच्यापैकी एकालाही नीट उच्चारता येत नाही, पण माझ्या रायफलचा चाप ओढायला किती पौंडांचा जोर लागतो हे चौघांना पाठ आहे.

हे भाच्याला लिहिता येत नाही, कारण याच्या पुढचा प्रश्न तो लगेच विचारेल. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात जी रायफल वापरली गेली ती याच जातीची होती, आणि त्यानंतरच्या वर्षी .२२ ची काडतुसेसुद्धा दुकानांतून नाहीशी झाली होती, असे क्लबातले जुने लोक अजून सांगतात. ते तो टंचाईचा किस्सा म्हणून सांगतात आणि मीही तसाच ऐकतो. लोक काडतुसे भरून ठेवायला का धावले, याचे उत्तर मला माहीत आहे. ते भाच्याला दिले तर त्याला माझ्याविषयी जे वाटते आहे तेच पक्के होईल. माझ्या मुलीच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी शिरला तर लपायची तालीम, असते. ती घरी येऊन सांगते, की वर्गातल्या कोणत्या कपाटामागे कोणी बसायचे ते ठरलेले आहे. मी सेफची किल्ली पुन्हा एकदा चाचपून बघतो. ग्रुपवर मात्र वरातीच्या बातम्या टाकतो.

किटचे म्हणाल तर निर्णय झाला आहे: स्टेनलेसचे, बोल्ट अडवणाऱ्या मॅगझिनसह. कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे रायफलचा खालचा रिसीव्हर, म्हणजे चाप बसवलेला सांगाडा; किट नव्हे. त्यामुळे ते टपालाने घरी येते आणि त्यासाठी कुठला फॉर्म भरावा लागत नाही. १६ इंची पिळाच्या अपरचा विचार पुढच्या वर्षी. येत्या उन्हाळ्यात भाचा महिनाभर इकडे यायचा आहे आणि मला त्याला ५० यार्डांच्या लाइनवर उभा करून हे किट त्याच्या हातून किती गट देते ते बघायचे आहे. माझ्या अडीच इंचांत दोष नळीचा किती आणि खांद्याचा किती, ते मग कळेल. पण तो पर्यटक व्हिसावर येणार. बालेवाडीत वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या त्या मुलाला इथे, शिकारीचा वैध परवाना काढल्याशिवाय, माझी रायफल हातातसुद्धा घेता येणार नाही. परवान्याची फी आणि हंटर एज्युकेशनच्या (शिकारीच्या प्रशिक्षणाच्या) कोर्सचा खर्च मी करतो, असे त्याला कळवले आहे. हरिण मारण्याच्या परवान्यावर कागदाचे निशाण टिपायला यायचे का, याचा तो विचार करतो आहे.