सॉफ्टवेअर न उघडता सिम्युलेशनचा प्रोजेक्ट कसा करावा

फायनल इयरला आलाय, गाईड म्हणाले प्रोजेक्टमध्ये जरा सिम्युलेशन (म्हणजे पार्टवर लोड टाकून तो किती वाकतोय ते कॉम्प्युटरवरच बघणं) दाखवा, मग घाबरताय कशाला? १९९८ ला निघालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावजवळच्या मच्छ्याला आहे, एवढ्या जवळ राहून सॉफ्टवेअर पण शिकायचं म्हणजे जरा जास्तच होतंय की.

तर पहिलं, कॉलेजच्या लॅबमधलं लायसन्स. ते इन्स्पेक्शनवाल्यांसाठी असतंय, तुमच्यासाठी नाही. तरी चुकून मिळालंच तर उघडून ठेवा आणि जेवायला जा, म्हणजे मागच्या मुलांना दुपारभर 'लायसन्स उपलब्ध नाही' एवढंच दिसत राहील, आणि अभ्यासू म्हणून नाव तुमचं.

अन्सिस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची स्टुडंट आवृत्ती अजिबात डाउनलोड करू नका. फुकट आहे, म्हणजे काहीतरी गडबड असणारच. स्ट्रक्चरलला १ लाख २८ हजार नोड-एलिमेंटची (हिशेबासाठी पार्टचे बारीक तुकडे पाडतात ते एलिमेंट, त्यांचे जोडबिंदू ते नोड) मर्यादा, आणि आपल्या प्रोजेक्टचा ब्रॅकेट केवढा मोठा! त्यात बोल्टचे आटे, कोपऱ्यातला कंपनीचा लोगो, सगळं घ्यायचं, सगळीकडे बारीक मेश (या तुकड्यांची जाळी) मारायचा, लॅपटॉप बंद पडला की "स्टुडंट व्हर्जनमध्ये काय होत नाही ओ" म्हणायचं. दोन्ही बाजू सारख्याच म्हणून सिमेट्री लावून अर्धंच मॉडेल सोडवणारे लोक कंजूष असतात, त्यांच्या नादी लागू नका.

ओपनफोम, कॅल्क्युलिक्स या फुकट सॉफ्टवेअरना तर लायसन्सच नाही लागत, मग रडणार कशावर? आयआयटी मुंबईचे फॉसीवाले (फुकट, खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार करणारे) ओपनफोम शिकवतात, तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरंच काही मराठीत आहे आणि कन्नडातही (म्हणजे भाषेवरून भांडायची पण सोय ठेवली नाही बघा त्यांनी). बघू नका.

त्यापेक्षा सीनियरचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातल्या क्रॅकची (लायसन्स चुकवायच्या चोरट्या फाइलची) पहिली सूचनाच असती, अँटिव्हायरस बंद करा. करा की, सीनियर काय खोटं बोलतोय होय.

पार्ट उद्यमबागेतल्या फौंड्रीचा, बिडाचा (कास्ट आयर्नचा) असला तरी मटेरियलला हात लावू नका, डिफॉल्टला स्ट्रक्चरल स्टील असतंय ते राहू दे, लोखंड ते लोखंडच. लोड कुठं लावला, फिक्स कुठं केलं, कोण विचारत नाही, रंग तेवढे आले पाहिजेत, मधोमध लाल आणि कडेला निळा. डिफॉर्मेशनचं स्केल पण ऑटोवरच ठेवा, खरं वाकणं केसाएवढं असलं तरी चित्रात ब्रॅकेट जिलबीसारखा वळलेला दिसतो, बाहेरून आलेले एक्झामिनर तिथंच गार.

राहता राहिली व्हायवा. "मेश इंडिपेंडन्स केला काय?" (म्हणजे मेश अजून बारीक केला तरी उत्तर बदलत नाही हे तपासलं काय) विचारलं तर अडखळायचं नाही. "होय सर, आमचा मेश पूर्ण इंडिपेंडंट आहे, आम्ही त्याला कधीच हात लावला नाही."