अडॅप्टर हवाच : आकाशकंदिलाच्या एका फॉरवर्डला उत्तर

‘घरच्या घरी ५० रंगबदलू दिव्यांचा आकाशकंदील, अडॅप्टरचा खर्च शून्य’ अशा मथळ्याचा संदेश, सर्किटच्या चित्रासह आणि छोट्या व्हिडिओसह, गेले काही दिवस सगळीकडे फिरतो आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो ताईनेच कौतुकाने टाकला. रविवारी तिच्याकडे गेलो तेव्हा नववीतल्या भाच्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर चार पायांचे ८ मिलिमीटरचे एलईडी, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड, दाब ठरावीक व्होल्टवर रोखणारा एक झेनर आणि प्रवाह मर्यादित करणारा २.२ मायक्रोफॅरडचा तो तपकिरी कपॅसिटर असा सगळा ऐवज मांडून ठेवला होता. शेजारी लॅपटॉप होता आणि दिव्यांचे रंग बदलणाऱ्या कंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डची, यूएसबी केबल त्यात आधीच खोचलेली होती. ती केबल पाहिली नसती तर हे उत्तर लिहिण्याची तसदी मी कदाचित घेतली नसती.

संदेशातला पहिला आणि सर्वांत घातक मुद्दा असा की, २३० व्होल्टच्या फेजमध्ये हा कपॅसिटर टाकून पुढे एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज आणि ५.१ व्होल्टचा झेनर लावला की ‘सुरक्षित ५ व्होल्ट’ मिळतात. मिळतात ते ५ व्होल्ट फक्त त्या दोन तारांच्या आपापसात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने त्या दोन्ही तारा घरच्या विजेलाच जोडलेल्या असतात, कारण सर्किटला घरच्या विजेपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये नसतो. आणि दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसत असल्याने फेज कोणत्या बाजूला आली हेही आपल्या हातात राहत नाही. दिव्यांचे उघडे पाय, सोल्डरचे प्रत्येक टोक आणि यूएसबीमार्गे लॅपटॉपचे धातूचे कवच, या साऱ्यांत घरची वीज खेळू लागते. प्रोग्रॅम बदलायला केबल खोचणाऱ्या मुलाचा दुसरा हात कशावर असेल, याचा विचार चित्र काढणाऱ्याने केलेला दिसत नाही. गॅलरीत टांगलेल्या, पावसाच्या एखाद्या सरीत भिजू शकणाऱ्या कंदिलाबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय झेनर आतून तुटून निकामी झाला, तर दिव्यांवर ५ नव्हे, शेकडो व्होल्ट येऊ शकतात. कपॅसिटर रिकामा करणारा समांतर मोठा रोधकही चित्रात नाही, त्यामुळे प्लग काढल्यावरही त्याच्या पिनांना झटका देण्याइतका विद्युतभार उरू शकतो.

बरे, जिवावर उदार होऊन हे केले तरी हिशेब जुळत नाही. ५० हर्ट्झला २.२ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे १४५० ओम भरतो, म्हणजे प्रवाह जेमतेम दीडशे मिलिअँपिअर मिळतो. पांढऱ्या रंगात पूर्ण तेजाने पेटलेला असा एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. ५० दिव्यांना ३ अँपिअर लागतात. वीसपट तूट! व्हिडिओतला कंदील पेटतो तो एका वेळी दोन-तीनच दिवे पळवल्यामुळे, आणि बघणाऱ्याला ते कळत नाही.

दुसरा मुद्दा ‘वेगळे कपॅसिटर लावू नका, ते आतच असतात’ हा. यात अर्धे सत्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. तयार एलईडी पट्टीवर प्रत्येक दिव्याशेजारी पुरवठा स्थिर ठेवणारा इवलासा कपॅसिटर बसवलेलाच असतो. पण सुटे दिवे जोडणाऱ्याला तो फायदा कुठला? डब्ल्यूएस२८१२बी हा अशाच रंगबदलू दिव्यांचा प्रकार बनवणाऱ्या वर्ल्डसेमी कंपनीच्या माहितीपत्रकातील जोडणीच्या चित्रात प्रत्येक दिव्याच्या पुरवठ्याला स्वतंत्र कपॅसिटर दाखवलेला आहे. ०.१ मायक्रोफॅरडचा साधा, ‘१०४’ छापलेला कपॅसिटर तिथे चालतो आणि तो अगदी स्वस्त मिळतो.

हेच माहितीपत्रक तिसऱ्या मुद्द्यालाही उत्तर देते. ‘कोणत्याही कंट्रोलरची पिन थेट जोडा’ असे संदेश म्हणतो. माहितीपत्रकानुसार दिव्याला डिजिटल संकेतातला ‘१’ ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट दाब लागतो, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. ईएसपी३२ या कंट्रोलरची पिन देते ३.३. टेबलावर हे बहुतेकदा चालून जाते, मीही चालवले आहे. पण तार लांबली की रंग वेडेवाकडे लुकलुकतात आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. मध्ये ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप टाकावी आणि पहिल्या दिव्याच्या डेटा (रंगाचा संकेत नेणाऱ्या) तारेत तीन-चारशे ओमचा रोधक ठेवावा.

‘५ व्होल्टला कसलीही बारीक तार चालते’ हेही खोटेच. नेटवर्क केबलमधील अर्ध्या मिलिमीटरच्या तारेने दोन मीटर अंतरावर ३ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरतो आणि पांढरा रंग पिवळट-लालसर दिसू लागतो.

राहिला शेवटचा दावा, ‘एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात’. पुरवठा समांतर असला तरी डेटा एका दिव्यातून पुढच्या दिव्यात जातो. त्याच संध्याकाळी बीआयएस नोंदणी क्रमांक असलेला ५ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर आणून आम्ही माळ पेटवली, तेव्हा सोळा दिवे लागले आणि सतराव्यापासून पुढे सगळा अंधार. भाच्याने सतराव्याचे आत येणारे आणि बाहेर जाणारे डेटाचे पाय उलटे जोडले होते.