‘अधिकार नाही’ म्हणणाऱ्या निनावी वाचकाला उत्तर

गेल्या आठवड्यात मी एकाच वेळी अनेक व्हिडिओ गेम चालू ठेवण्याबद्दल लिहिलं होतं. ‘एल्डन रिंग’, ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘हेडीस’, ‘विचर 3’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हे पाचही सध्या माझ्याकडे शेजारी शेजारी नांदतायत, मला त्याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं, एवढाच त्या लेखाचा आशय. त्यावर ‘निनावी’ अशी सही असलेली प्रतिक्रिया आली. ती अशी:

“लेखक महाशय, पाच-पाच गेम उघडून बसणारा माणूस गेमर नसतो, गिऱ्हाईक असतो. एक ना धड भाराभर चिंध्या! बटणं तरी लक्षात राहतात का? ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ दुसऱ्याच चॅप्टरला सोडून त्याला संथ ठरवून मोकळे झालात. मित्र मॅचसाठी थांबलेले असताना तुम्ही शेती करत बसता, हे तर तुम्हीच लिहिलंय. ज्याने गेम संपवला नाही, त्याला त्यावर लिहायचा अधिकार नाही.”

तिथेच खाली दोन ओळी लिहिणार होते. लिहायला घेतलं तर वाढतच गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतेय.

पहिली गोष्ट, मी महाशय नाही. लेखाच्या वर माझं नाव आहे आणि लेखभर ‘मी खेळते’, ‘मी बसते’ असं लिहिलेलं आहे. दुसऱ्याने गेम शेवटपर्यंत खेळला की नाही याचा हिशेब मागणाऱ्याने समोरचा लेख तरी शेवटपर्यंत वाचावा, ही अपेक्षा गैर नसावी. वाद घालायला माझी ना नाही. इथे येणारे कितीतरी वाचक माझ्याशी भांडतात. ‘विचर’मधल्या ग्वेंटच्या पत्त्यांवरून तर असा वाद रंगला होता की मूळ लेख बाजूलाच राहिला. पण ती माणसं नाव लावून भांडतात आणि आपलं म्हणणं सांगतात. तुमच्या प्रतिक्रियेत म्हणणं शोधावं लागतं. ‘गिऱ्हाईक’ काय, ‘चिंध्या’ काय, ‘मोकळे झालात’ काय! अख्ख्या मजकुरात प्रश्न एकच, तोही टोमणा म्हणून विचारलेला.

तरी त्या एका प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो रास्त आहे. बटणांचा घोळ होतो. मान्य. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ‘हेडीस’ खेळताना ए दाबलं की त्यातला नायक झॅग्रियस सुर्रकन बाजूला सटकतो. ‘एल्डन रिंग’मध्ये वार चुकवायचं बटण बी आहे आणि ए दाबलं की उडी. त्यामुळे ‘हेडीस’ बंद करून थेट ‘एल्डन रिंग’मधल्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरच्या मार्गिट या बलाढ्य शत्रूसमोर उभी राहिले की सुरुवातीला अंगठा ए वरच जातो. हा मार्गिट काठी उगारतो आणि वर तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून आधीच हललो की मग सावकाश खाली आणतो. नेमक्या त्या वेळी लोळण घ्यायची सोडून माझी योद्धा जागच्या जागी उडी मारते आणि हवेत असतानाच तिला काठी बसते. दोन-तीनदा मरून झालं की अंगठा ठिकाणावर येतो. तेव्हा हा मुद्दा तुमचा, घ्या.

पण त्यावरून ‘सरमिसळ केली की काहीच धड येत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. हात कसे शिकतात याबद्दल शे आणि मॉर्गन या संशोधकांचा 1979 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. समोर मांडलेले छोटे अडथळे हाताने ठरलेल्या क्रमाने भराभर पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम होते. एका गटाने आधी एक क्रम घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही उलटसुलट करायला लावले. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी परत चाचणी घेतली तेव्हा सरमिसळ केलेला गट सरस ठरला. मार्गिट म्हणजे प्रयोगशाळेतला अडथळा नव्हे, हे मला कळतं. पण ‘एकच धरून ठेवला तरच येतो’ हे जे तुम्ही इतक्या खात्रीने गृहीत धरलंय, ते तितकं सरळ नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. खरं सांगायचं तर मला लागलं ते हेच. संपवला नाही, म्हणून अधिकार नाही.

संपवणं म्हणजे काय, ते आधी सांगा. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम कधी संपतो? तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आजोबांचा आत्मा येऊन तुम्ही शेताचं काय केलंत ते जोखतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून परत कोंबड्यांना बघायचं असतंच. एरिक बॅरोनने एकट्याने चारेक वर्षं खपून तो 2016 साली बाहेर काढला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं त्यात भर घालत राहिला. ज्याने बनवला त्यालाच तो संपला असं वाटत नाही. ‘हेडीस’ घ्या. पाताळातून पहिल्यांदा बाहेर पडलात म्हणजे संपला का? नाही. शेवटची, बनवणाऱ्यांची नामावली दिसायला दहा वेळा सुटका करून घ्यावी लागते, आणि त्यानंतरही गोष्ट पुढे चालू राहते. मग माझा अधिकार पहिल्या सुटकेला सुरू होतो की दहाव्या?

आणि टेट्रिस? 1989 सालचा, निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा टेट्रिस 2023च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका 13 वर्षांच्या मुलाने इतका पुढे नेला की गेमच गोठला. माणसाच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. तुमच्या नियमाने चाललं तर त्याआधीची चौतीस वर्षं टेट्रिसवर कोणी अवाक्षर काढायला नको होतं.

लोक गेम मध्येच सोडतात आणि परत येतात, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ‘विचर 3’ लोड होत असताना नायक गेराल्टचा मित्र डँडेलियन आतापर्यंतची हकीकत सांगतो. रोज सलग बसणाऱ्याला त्याची गरज नाही. ते माझ्यासारख्यांसाठी केलंय, वेलेनच्या दलदलीत गेराल्टला घोड्यावर सोडून मध्ये तीन आठवडे दुसरीकडे रमलेल्यांसाठी. ‘एल्डन रिंग’मध्ये अशी आठवण करून देणारं कोणी नाही. कोणी काय काम सांगितलं, कुठे भेटायचं ठरलं, सगळं तुमच्या डोक्यात. पण तिथेही 2022च्या फेब्रुवारीत गेम आला आणि मार्चच्या अपडेटमध्ये भेटलेली पात्रं नकाशावर दिसायची सोय करावी लागली. तो बनवणारी फ्रॉमसॉफ्टवेअर काही खेळाडूंचे लाड करणारी कंपनी नाही, अवघडपणाची पातळी कमी करायची सोयसुद्धा ते देत नाहीत. त्यांनाही हे करावंसं वाटलं.

‘अधिकार’ या शब्दावर मी इतकी अडून का बसलेय ते सांगते. मी कराडची. मामाच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेटवर शेकडो गेम छापलेले, आत फिरून फिरून तेच पाच-सहा. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा तो एक, ज्याला आम्ही नुसतं टँक म्हणायचो. एक रिमोट दादाचा, म्हणजे थोरल्या मामेभावाचा. दुसरा बाकी सगळ्यांत मिळून, आणि त्यातही माझा नंबर शेवटचा, कारण मी मुलगी. कॉन्ट्राची तिसरी लेव्हल धबधब्याची, वर वर चढत जायची. दादा भराभर वर चढायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी पडद्याबाहेर गेले की मेले. गोळी न लागता मरायचे मी. मग रिमोट पुढच्याकडे. त्यावर वीज जायची. त्या गेमला सेव्ह नव्हता, वीज आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून. तो गेम मी लहानपणी कधीच संपवला नाही. पण पहिल्या जंगलात एस लिहिलेली बंदूक कुठून उडत येते, कुठल्या पुलाचे तुकडे पायाखाली फुटत जातात, हे आजही डोळे मिटून सांगेन. ते माहीत असायला मला कोणाची परवानगी लागली नव्हती.

कॉलेजात गेल्यावर सायबर कॅफे. तासाचे पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ खेळायचे. सेव्हच्या आठ जागा आणि खेळणारे वीस. एक दिवस गेले तर माझ्या जागेवर दुसऱ्याचा सेव्ह. मालकाला विचारलं तर म्हणाला, “ताई, तुम्ही चॅटिंगला येता ना?” मी तिथे रोज गेमच खेळत होते, त्याच्या डोळ्यांसमोर. तेव्हा ‘तुला अधिकार नाही’ हे मी फार आधीपासून ऐकत आलेय, वेगवेगळ्या तोंडून. तुम्ही त्यात नवीन काही सांगितलं नाहीत.

आज मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टमध्ये काम करते. कधी दुपारी घरी येते, कधी सकाळी. मायक्रोस्कोपला दिवसभर डोळे लावून आल्यावर मार्गिटची काठी दिसतच नाही. तेव्हा ‘स्टारड्यू’चा एक दिवस. प्रत्यक्षात पंधरा मिनिटांच्या आत तो संपतो, सेव्हही झोपायला गेल्यावरच होतो, म्हणजे एक दिवस जगायचा आणि उठायचं. अर्धा-पाऊण तास असेल आणि डोकं ताजं असेल तर ‘हेडीस’ची एक फेरी. रविवारी घरात कोणी नसेल तर ‘विचर’. ‘एज ऑफ एम्पायर्स’ ऑनलाइन खेळताना मध्येच सोडून उठता येत नाही, त्याला सलग तासभर हातात लागतो आणि फोन बंद लागतो. मी गेमपाठोपाठ गेम बदलते ते मन लागत नाही म्हणून नाही. समोर जो वेळ आहे आणि अंगात जेवढं त्राण आहे, त्यात ज्याला न्याय देता येईल तो मी खेळते. दमलेल्या डोळ्यांनी ‘एल्डन रिंग’ रेटून संपवला असता तर तुमच्या मते अधिकार मिळाला असता, पण मला त्यातलं काही दिसलं नसतं. त्यातल्या लिमग्रेव्ह या प्रदेशात पावसात थांबून नुसता तो सोनेरी वृक्ष बघायला मला फुरसत लागते.

संपवलेल्या गेमचाही एक दाखला देते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी’ काढला. आपल्याकडच्या चित्रांवरून आणि मंदिरांवरून उभं केलेलं जग, धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी. छोटा गेम आहे, मी तो एका शनिवार-रविवारात संपवला. तुमच्या नियमाने त्यावर मी अधिकारवाणीने बोलायला हवं. प्रत्यक्षात भिंतींवरची चित्रं दुसऱ्यांदा सावकाश बघेपर्यंत मला त्याच्याबद्दल धड दोन परिच्छेद लिहिता आले नव्हते. मी त्यातून धावत गेले होते.

राहिलं ‘रेड डेड’चं. प्रत्येक कपाटाचा खण हाताने उघडायचा, शिकार केलेल्या जनावराचं कातडं काढताना उभं राहून बघायचं, हे संथच आहे आणि मुद्दाम तसं केलेलं आहे. संथ म्हणजे वाईट असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही ते तसं वाचलंत, तर त्याला माझा इलाज नाही. पुढे काय बदलतं हे मला शिकवायचं असेल तर शिकवा, पण त्यासाठी हा सूर लागत नाही. मित्रांच्या मॅचचं म्हणाल तर तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी तक्रार केली तर मी त्यांना उत्तर देईन. तुम्ही त्यांचे वकील कधी झालात ते मला माहीत नाही. आणि सेलमध्ये गेम घेतले म्हणून कोणी गिऱ्हाईक ठरत असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं असलेले आपण सगळेच गिऱ्हाईक आहोत, तुम्हीसुद्धा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तिथेच राहील. ‘रेड डेड’च्या दुसऱ्या चॅप्टरनंतर काय उलगडतं ते सविस्तर लिहिलंत तर तेही छापेन, फक्त या खेपेला नाव लावा. अधिकाराच्या विषयावर मात्र मी आता तुम्हाला आणखी उत्तर देणार नाही. आज माझी दुपारची सुट्टी आहे, डोळे ताजे आहेत, आणि मार्गिट अजून दारातच उभा आहे.