शुक्राणू नुसता डीएनए आणत नाही

शुक्राणू अंड्यात डीएनएबरोबर आरएनएही आणतो, म्हणजे जनुकांच्या कामात भाग घेणारे डीएनएसारखे रेणू. गर्भधारणेवरच्या तुमच्या लेखात त्याला दोनच ओळी दिल्यात, म्हणून लिहितेय. मी नेरुळच्या एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे डिशमधल्या गर्भांची वाढ सांभाळणारी, आहे. तिसऱ्या दिवशी डिश बघावी तर आठ पेशींचा सुरेख गर्भ, आणि पाचव्या दिवशी तो तिथेच अडकलेला! माणसात गर्भाची स्वतःची जनुकं साधारण चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर जोमाने कामाला लागतात, तोवर संसार मुख्यतः अंड्याच्या शिदोरीवर चालतो; त्यानंतर अडकला तर कारण वडिलांकडचंही असू शकतं. बाहेर बसलेल्या सासूबाईंचं मात्र आधीच ठरलेलं असतं, "हिच्यातच दोष."

2016 सालचे उंदरांवरचे प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. भरपूर चरबीचा आहार दिलेल्या नरांच्या शुक्राणूंमधले टीआरएनए या एका प्रकारच्या आरएनएचे तुकडे फलित अंड्यात सोडले, तर पिल्लांची साखर पचवण्याची क्षमता बिघडली. यातले बरेच तुकडे वृषण सोडल्यावर, एपिडिडिमिस या वृषणालगतच्या नळीत पिकताना शुक्राणूला मिळतात. आपल्या सीमेन रिपोर्टमध्ये यातलं काही दिसत नाही, तिथे संख्या, हालचाल आणि आकार बघतात.

माणसात हे इतकं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे या नावाखाली कुणी महागडी टेस्ट सुचवली तर आधी चार प्रश्न विचारा. पण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू-दारू तीन महिने आधी सोडा, हे मी प्रत्येक नवऱ्याला सांगते. गेल्या आठवड्यात एकाने खिशातली पुडी तिथल्या तिथे डब्यात टाकली. बायको काहीच बोलली नाही, फक्त त्याची फाइल उचलून आपल्या पिशवीत ठेवली.