उलुरूवर न चढलेलंच बरं

2011 मध्ये मी ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटात उभ्या असलेल्या उलुरू या प्रचंड लाल खडकावर चढले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे लिहिलेलं सगळं कोरडा उपदेश वाटेल. मेलबर्नला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही चार मैत्रिणी होतो आणि तीन दिवसांची सहल होती. पायथ्याशी तिथल्या मूळ रहिवाशांची स्पष्ट पाटी होती की ही जागा आमच्यासाठी पवित्र आहे, कृपया चढू नका. आम्ही ती वाचली आणि साखळी धरून वर गेलो. बंदी नव्हती, नुसती विनंती होती. आणि विनंतीच होती म्हणून ती मोडताना काही वाटलं नाही, ही गोष्ट मला आता जास्त टोचते.

यंदा जुलैत आईला घेऊन पुन्हा गेले. आई 68 वर्षांची, नाशिकची. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी तिने कितीदा केली असेल याला गणती नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून साडेचारशे किलोमीटर गाडीतून, मग रात्री उघड्यावर स्वॅगमध्ये झोपायचं. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी, आत पातळ गादी, वर चेन. पारा शून्याच्या आसपास. कानटोपी घालून आई त्यात शिरली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, एवढ्या चांदण्या मी लहानपणी गच्चीवर झोपायचे तेव्हा पाहिल्या होत्या, त्यानंतर आजच."

पहाटे पाचला मीच तिला उठवलं. कृत्तिका वर आल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग क्षितिजावर मृग, आपल्याकडे दिसतो त्याच्या आडवा-उलटा. आदल्या रात्री शेकोटीपाशी गाइडने सात बहिणींची गोष्ट सांगितली होती. त्या बहिणी म्हणजे कृत्तिका, आणि त्यांच्या मागे लागलेला न्यीरू नावाचा पुरुष आपल्या मृगाच्या तारकांमध्ये आहे. आई लगेच म्हणाली, आपल्याकडेही प्रजापती रोहिणीच्या मागे धावतो आणि व्याध त्याला बाण मारतो. आकाशाच्या त्याच तुकड्यात दोन्हीकडे पाठलागच दिसावा, याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एका अनांगु आजींबरोबर सकाळ घालवली. अनांगु म्हणजे या भूमीचे मूळ मालक. आजी त्यांच्या पिचंचाचारा भाषेत बोलत होत्या आणि सोबतची तरुण मुलगी इंग्रजीत सांगत होती. त्यांनी गवताच्या बारीक बिया दगडावर वाटून दाखवल्या. खालचा सपाट दगड आणि हातातला वरचा दगड, थेट पाटा-वरवंटाच. मग एक लाकडी परात काढली, आणि ती डोक्यावर ठेवायला गुंडाळलेलं कडं. आई ओरडलीच, "अगं, ही तर चुंबळ!" त्या कड्याला ते मांगुरी म्हणतात. आईने ते डोक्यावर ठेवून दाखवलं, आजी खळखळून हसल्या. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती आणि तरी मधल्या मुलीला बराच वेळ काही बोलावंच लागलं नाही.

त्यानंतर मी एका कपारीकडे बोट दाखवून विचारलं, तिथली गोष्ट काय? आजी म्हणाल्या, "विया." म्हणजे नाही. ती गोष्ट पुरुषांची, आमच्यासाठी नव्हे. त्या स्वतः बाई असल्यामुळे ती त्या सांगूही शकत नव्हत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आढेवेढे नव्हते. पायथ्याच्या वाटेवर काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्यामागेही हेच. खडकावरच्या खुणा म्हणजे त्यांचा ग्रंथ, तो तिथेच उभं राहून पाहायचा, मोबाइलमध्ये भरून बाहेर न्यायचा नाही. गाभाऱ्यात कॅमेरा बंद ठेवा म्हटलं की आपण मुकाट्याने ठेवतो. मग इथेच "एक काढला तर काय बिघडतं" हे कसं सुचतं?

चढाईवरून आजही वाद घालणारे भेटतात, आपल्या मराठी ग्रुपमध्येही. "दगडच तर आहे", "सगळ्या देशाचा आहे". तो कोणाचा आहे हे कागदावर ठरलेलं आहे. 26 ऑक्टोबर 1985 ला ही जमीन अनांगुंना परत मिळाली, आणि त्यांनी ती लगेच 99 वर्षांच्या कराराने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली. म्हणजे हातात आलेली जमीन त्यांनी आपल्यासारख्यांसाठी उघडी ठेवली आणि फक्त एवढंच म्हणाले की वर चढू नका. आम्ही ते 34 वर्षं ऐकलं नाही. शेवटी उद्यानाच्या मंडळाने 2017 मध्ये एकमताने ठरवलं आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत तर लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या होत्या.

वर जाणारी वाट माला पूर्वजांची (माला म्हणजे छोट्या कांगारूसारखा प्राणी), म्हणून ती पवित्र, हे कारण बहुतेकांना माहीत असतं. दुसरं कारण मला आत्ता या खेपेला नीट कळलं. खडक 348 मीटर उंच आणि उतार भयंकर. चढताना आजवर किमान 37 माणसं दगावली. आपल्या जमिनीवर आलेला पाहुणा मेला तर त्याचा भार यजमानावर येतो, असं अनांगु मानतात. प्रत्येक मृत्यूचं दुःख त्यांनी धरलं. मी 2011 मध्ये वर उभी राहून हात पसरून फोटो काढत होते तेव्हा खाली कोणाला तरी माझ्या जिवाचा घोर लागला असेल, हा विचार मला शिवलाही नव्हता.

या वेळी आम्ही भोवतीची वाट धरली, 10 किलोमीटरहून थोडी जास्त. आईने तिला पहिल्या वळणावरच प्रदक्षिणा म्हणून टाकलं. वाटेतल्या मुटिचुलू नावाच्या पाणवठ्यापाशी ती अर्धा तास गप्प बसली. खडक लांबून गुळगुळीत वाटतो, पण जवळ गेलं की गंजलेल्या पत्र्यासारखे पापुद्रे दिसतात आणि पाणी ओघळल्याचे काळे पट्टे. वरून हे काहीच दिसत नाही. मी दोन्ही केलंय म्हणून ठामपणे सांगते. जाणार असाल तर हीच वाट चाला, आणि जिथे अनांगु स्वतः सोबत असतात अशीच सहल घ्या, पैसे थोडे जास्त पडले तरी.

एक गोष्ट राहिली. 2011 मध्ये मी तिथून सुपारीएवढा लाल खडा उचलून आणला होता. इतकी वर्षं तो मेलबर्नच्या घरी पुस्तकांच्या फळीवर होता. असे खडे लोक माफीच्या चिठ्ठ्यांसह पोस्टाने परत पाठवतात हे मी कधीतरी वाचलं होतं. माझा मी हातरुमालात बांधून घेऊन गेले आणि उद्यानाच्या लोकांकडे दिला. काउंटरवरच्या बाईने हळुवारपणे घेतला आणि विचारलं, नक्की कुठून उचलला होता? मला आठवेना.